सेंट पॉलची थंडी आणि पेडल स्टीलची तिसरी तार

एका गायिकेच्या टूरवर वाद्यं सांभाळायचं काम आमचं. जानेवारीतल्या सेंट पॉलच्या शोला वाद्यांचा ट्रक सकाळी नऊऐवजी दुपारी पावणेदोनला सभागृहाच्या माल उतरवायच्या धक्क्याला लागला. अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्फाचं वादळ होतं. बाकीचे ट्रक आदल्या रात्रीच सेंट पॉलला पोचले होते, त्यामुळे रिगिंग, दिवे, पडदे, स्पीकर सगळं वेळेवर टांगलं गेलं. अडकलं ते फक्त बॅकलाइन, म्हणजे वाद्यं आणि अँप. साउंडचेक चारला, दारं साडेसहाला, गायिका नऊला मंचावर.

बाहेर उणे १५ सेल्सियस. वाद्याच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, तापमापकाचा प्रोब सरकवला तर उणे ६. अशा वेळी घाईत झाकणं उघडावीशी वाटतात, आणि तिथेच जुनी गिटार जाते. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर आणि खालचं लाकूड वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात. गार गिटार एकदम उबेत आली की लॅकरवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं, आणि ते कायमचं. हीटर किंवा पंखा लावणं तर त्याहून वाईट.

दवाचा हिशेब मात्र लोक उलटा करतात. उणे १५ची हवा आत घेऊन १८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येते. त्या दिवशी मंचामागच्या बोळात मीटरवर १५ टक्के होते. इतक्या कोरड्या हवेचा दवबिंदू उणे १०च्या जवळ, म्हणजे उणे ६च्या वाद्यावर तिथे दव धरतच नाही. गिटार ठेवायच्या खोलीत मात्र आम्ही ह्युमिडिफायर लावून ४५ टक्के राखतो, आणि तिथला दवबिंदू अधिक ६. गार केस त्या खोलीत नेऊन उघडली असती तर तारांवर, फ्रेटवर, पिकअपवर पाणीच साचलं असतं. म्हणून सगळ्या केस बोळातच ठेवल्या, आणि लाकूड १५ अंशांवर आल्याशिवाय दमट खोलीत काहीच न्यायचं नाही असं ठरवलं.

आता कुठली आधी उघडायची? पॉलिएस्टर फिनिशच्या इलेक्ट्रिक गिटार आणि पेडल स्टील आधी. लॅकरची मुख्य अकूस्टिक साडेपाचपर्यंत बंद. साउंडचेक राखीव गिटारवर.

फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, केस उघडली तेव्हा चारही तारा सैल होत्या. कोरड्या थंडीत खुंट्या आकसतात आणि भोकात सरकतात. तारांचा ताण गेला की घोडी आडवी होते, आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमधला छोटा लाकडी खांब, नुसत्या दाबावर उभा असतो, तोही पडतो. हलवल्यावर आतून खडखड आवाज आला. अशा वेळी तारा चढवायच्या नाहीत. आत टेकू नसताना ताण दिला तर वरची फळी खचते. साउंडपोस्ट उभा करायला इंग्रजी एसच्या आकाराचं हत्यार लागतं, तो घोडीच्या पातळ तारेकडच्या पायामागे काही मिलिमीटरवर नेमका बसवावा लागतो आणि हे काम घाईचं नव्हे. वादकाचं दुसरं फिडल टूर बसमध्ये उबेत होतं, त्यावर शो झाला. हिवाळ्यात दुसरं फिडल ट्रकमध्ये कधीच ठेवू नये.

अकूस्टिक गिटारमध्ये कोरडेपणा हळूहळू चढतो. वरची फळी खचते, तारा फ्रेटच्या जवळ येतात, तार झणझणते आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पिळून हे सुटत नाही, कारण दोष मानेत नाही, फळीत आहे. आम्ही प्रत्येक गिटारला हाडाच्या दोन सॅडल, म्हणजे तारा टेकतात त्या पट्ट्या, ठेवतो. हिवाळ्याची साधारण अर्धा मिलिमीटर उंच. तिचा तळ काचेसारखा सपाट हवा, नाहीतर खालचा पिएझो पिकअप एखादी तार गिळून टाकतो.

सगळ्यात जास्त वेळ पेडल स्टीलला दिला. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून जी ओळखीची, तिचीच ही यंत्र जोडलेली वंशज. ई-नाइन्थ नावाच्या स्वरजुळणीच्या गळ्यावर दहा तारा; उघड्या, म्हणजे पेडल न दाबता वाजणाऱ्या, तारा खुंट्यांनी लावायच्या आणि पेडलने चढणारे सूर दुसऱ्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी. आतले ओढदांडे पोलादाचे, चौकटीचे बरेच भाग अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. साठ सेंटिमीटर लांबीत २५ अंशांच्या फरकाला दोघांत सुमारे ०.१६ मिलिमीटरचं अंतर पडतं, आणि तेवढ्याने पेडलचा सूर ढळतो. म्हणून गार असताना ते लावण्यात अर्थ नाही. पाय, पेडलचा दांडा आणि रॉड जोडून ते सव्वादोनला मंचावर उभं केलं आणि चारपर्यंत खुंटीला हात लावला नाही.

तिसरी तार, ०.०११ इंचाची जी-शार्प, शोआधी नवी घातलीच पाहिजे. दुसरं पेडल तिला ए सुरापर्यंत ओढतं. चेंजरच्या, म्हणजे तार ओढणाऱ्या यंत्राच्या, बोटावर ती पुन्हापुन्हा वाकते आणि तिथेच तुटते, खुंटीपाशी जवळजवळ कधीच नाही. नवी चढवून पेडल वीसपंचवीस वेळा दाबायचं, हाताने हलकं ताणायचं, मग लावायची. शिवाय तिचा जी-शार्प सूर ट्यूनरच्या मधोमध आणायचा नसतो. शुद्ध गांधार कानाला गोड लागावा म्हणून आमचा वादक तो दहाबारा सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) उतरता ठेवतो. त्याचे आकडे चिकटपट्टीवर लिहून खुंट्यांशेजारी लावलेले असतात.

साउंडचेकला सगळं सुरात होतं, पण ती रिकाम्या सभागृहातली गोष्ट. हे सभागृह आइस हॉकीचंही; मैदानाचा बर्फ न काढता त्यावर उष्णतारोधक पाट्या टाकलेल्या होत्या, खालून गारवा येत होता. मंचावर १६ अंश. मग माणसं येतात. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. १५ हजार माणसांचे दीड मेगावॅट. शिवाय श्वासाघामातून माणशी तासाला ५० ग्रॅम पाणी धरलं तरी ७५० लिटर पाण्याची वाफ. पावणेनऊला मंचावर २२ अंश होते आणि पोलादी तारा ढिल्या पडून उतरल्या होत्या. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगायला नको.

पूर्वी सगळा वाद्यवृंद बरोबरच उतरायचा आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. या टूरमध्ये नव्या अल्बममधल्या गाण्यांना व्हायोलिनसमूहाचे आणि जादा आवाजांचे ध्वनिमुद्रित ट्रॅक क्लिकबरोबर, म्हणजे वादकांच्या कानातल्या ठेक्याच्या टकटकीबरोबर, वाजतात, तेही नेमक्या ४४० हर्ट्झच्या ए सुरावर. ट्रॅक हवामानाप्रमाणे उतरत नाही. गायिकेच्या कानात इन-इअर, म्हणजे छोटे इअरफोन, असल्याने चार सेंटचा फरकही तिला बोचतो. म्हणून सुरुवातीच्या गायकाचा कार्यक्रम चालू असताना आमची वाद्यं मंचामागे, त्याच हवेत, कापडाखाली ठेवली. मंच बदलायच्या अर्ध्या तासात पेडल स्टील पुन्हा पूर्ण लावलं: आधी उघड्या तारा, मग पेडल, मग गुडघ्याने सरकवायचे लिव्हर, आणि पुन्हा उघड्या तारा. हा क्रम मोडला की काम दुप्पट होतं, कारण एका तारेचा ताण बदलला की बॉडी किंचित लवते आणि बाकीच्या हलतात. चौथ्या गाण्यानंतर आणखी एकदा तपासलं; दोनच तारा हलल्या होत्या.

लोड-आउटला, म्हणजे शोनंतर सामान परत भरताना, प्रत्येक केसमध्ये आर्द्रतेच्या नव्या पिशव्या टाकल्या, शोला वाजवलेल्या फिडलच्या खुंट्यांना पेस्ट लावली, आणि वाद्यं ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी, दाराशी चढवली, म्हणजे पुढच्या गावी ती सगळ्यात आधी उतरतील.