‘दोन मिनिटं आहेत का?’

सोमवार, रात्री

आमच्या सॉफ्टवेअर टीममधली सर्वांत जुनी सहकारी उद्यापासून दीर्घ रजेवर चालली आहे. अर्जात कारण लिहिलंय ‘वैयक्तिक’. वैयक्तिक कसलं! पूर्वी एखादी तारीख अशक्य असली की ती सगळ्यांसमोर सांगायची, ‘हे होणार नाही.’ वाद व्हायचा, पण तारीख बदलायची. हल्ली तिने कशालाच विरोध करणं सोडलं होतं. ‘ठीक आहे, बघते,’ एवढंच म्हणायची. आमच्यातल्या काहींना वाटलं, चला, आता स्वभाव निवळला.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून संपत जाणं, मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: थकवा, समोरच्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. थकलेला माणूस कुणाच्याही लक्षात येतो. कोरडा पडलेला माणूस मात्र वरून नुसता सभ्य दिसतो. भांडत नाही, तक्रार करत नाही, मीटिंग वेळेत संपते. अशी माणसं वरिष्ठांना आवडतात, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

संध्याकाळी एचआरचा मेल आला. ताणाशी कसं जुळवून घ्यावं यावर वेबिनार, वेळ जेवणाच्या सुट्टीतली. हसावं की काय करावं! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर त्यातून उद्भवणारी, नोकरीशीच निगडित स्थिती असं म्हटलं. म्हणजे त्रास माणसाला होत असला तरी कारण कामाच्या मांडणीत शोधायला हवं. दीर्घ श्वास घेऊन कुणाचं वाईट होणार नाही. पण श्वास सोडल्यावर समोर तेच काम, तसंच वाटलेलं असेल, तर वेबिनारने काय साधलं?

बुधवार

तिची कामं वाटून घ्यायला बसलो. कुणाकडे कोणतं काम ते दाखवणाऱ्या बोर्डावर तिच्या नावाने जेवढी कामं होती तेवढीच बाकीच्यांच्या नावाने. मग ही बाई रात्री उशिरापर्यंत करत काय होती?

उत्तर बोर्डावर नव्हतंच, ते एकेकाच्या तोंडून बाहेर आलं. नवा मुलगा म्हणाला, मी त्यांना विचारल्याशिवाय काही सुरूच करत नसे. टेस्टिंगवाला म्हणाला, जुना नियम का बदलला ते फक्त त्यांनाच माहीत असायचं. विक्री विभागाला ग्राहकाच्या मेलला काय उत्तर द्यायचं ते ती सांगायची. दोन टीममध्ये वाजलं की मध्ये तीच. प्रत्येकाने तिच्याकडे ‘फक्त दोन मिनिटं’ मागितलेली. मी पण त्यातलीच.

दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत संपत नाही. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो आणि पुढचं काम उणं होतं, असं सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. दिवसभर असे तुकडे पडत असतील तर स्वतःचं सलग काम कधी करायचं? रात्रीच.

त्यात टीम वाढली. सहा जणांत बोलायच्या जोड्या पंधरा होतात, बारा जणांत सहासष्ट. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, असं फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं. या वाढत्या जोड्या हे त्याचं एक कारण. आमच्याकडे त्या जोड्या जुळल्याच नाहीत. सगळे निरोप तिच्या हातून जात राहिले आणि बाहेरून बघणारे म्हणत राहिले, काय छान समन्वय आहे तुमचा! रॉब क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं होतं की, बहुतेक ठिकाणी उपयोगी सहकार्याचा २० ते ३५ टक्के भार जेमतेम ३ ते ५ टक्के कर्मचारी वाहतात. आमची ती कोण, हे शोधायला आम्हाला तिची रजा लागली.

आणि हो, तिच्या मागच्या मूल्यमापनात शेरा होता: ‘वेळेच्या नियोजनात सुधारणेला वाव.’

शुक्रवार

परवाच नियम ठरवायला बसलो तेव्हा वाटलं होतं अर्ध्या तासात उठू. कामाच्या वेळेबाहेर लिहिलेला निरोप सकाळी पोचेल असा लावायचा, यावर कुणी हूं की चूं केलं नाही. प्रश्न खासगीत न विचारता टीमच्या चॅनेलवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चॅटवर विचारायचा, म्हणजे ज्याला माहीत असेल तो उत्तर देईल आणि ते सगळ्यांना वाचता येईल, हेही पटलं. पण चॅनेल दोन दिवस रिकामं. नवी मुलं सगळ्यांसमोर विचारायला बिचकत होती.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त आढळल्या. तिथले लोक त्या बोलून दाखवायला घाबरत नसण्याची शक्यता मोठी, असं त्यांच्या लक्षात आलं. चॅनेल मोकळं असून भागत नाही, तिथे आधी कुणीतरी मोठ्याने अडाणी दिसायची तयारी ठेवावी लागते. मग आम्ही जुन्या मंडळींनीच सुरुवात केली. सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणाऱ्या आमच्या आर्किटेक्टने इतका बाळबोध प्रश्न टाकला की नव्या मुलाने दोन ओळींत उत्तर दिलं, वर हसरा चेहरा. दुपारपर्यंत चॅनेलवर गजबज.

खरा वाद तिसऱ्या गोष्टीवर झाला. दर आठवड्याला एक जण ‘प्रश्नांच्या पाळीवर’ राहील, बाहेरून येणारी विचारपूस तोच घेईल आणि त्या आठवड्यात बोर्डावरची त्याची कामं कमी करायची, असा प्रस्ताव होता. मॅनेजर म्हणाले, इतका वेळ काढणं परवडणार नाही. मी म्हटलं, सर, तो वेळ आजवर जातच होता, फक्त तो तिच्या झोपेतून जात होता. ते गप्प बसले. मंजूर केलं असं म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. आम्ही मंजूर धरलं.

एक शंका मनात आहे. सगळे आपल्याला विचारतात यात सुखही असतं. ती परत येईल तेव्हा तिच्यावाचून काही अडत नाही हे पाहून तिला बरं वाटेल की आत काही टोचेल? तिला फोन करून विचारावंसं वाटलं. पण रजेवरच्या माणसाला पुन्हा ‘दोन मिनिटं’? नको.

मूल्यमापनाचा फॉर्म तसाच आहे. त्यात दुसऱ्यांना दिलेल्या वेळेसाठी रकाना नाही आणि तो आमच्या हातात नाही. पुढच्या आठवड्यात पाळी माझी. बोर्डावरची माझी दोन कामं मी काढून ठेवली होती. आत्ता झोपण्याआधी पाहिलं, तर त्यातलं एक मॅनेजरनी परत माझ्या नावावर टाकलंय. सोमवारी सकाळी पहिलं बोलणं त्याच्यावर.