फलाटाची कड

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आमची गाडी भुसावळकडून येऊन एका छोट्या स्टेशनाबाहेर थांबली. वेल वॅगनवर, म्हणजे मधे खोलगट असलेल्या लांब वॅगनवर, सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर होता, दीडशे टनांच्या वरचा, तोही तेलाशिवाय. प्रवासात टाकीत तेल नसतं, कोरडा नायट्रोजन भरलेला असतो. आतल्या कागदी इन्सुलेशनला दमट हवा लागली की सगळंच वाया जातं. म्हणून सोबत आलेला कंपनीचा तंत्रज्ञ प्रत्येक थांब्यावर दाबाचा काटा बघायचा. दुपारी उन्हानं तो चढतो, पहाटे उतरतो, ते ठीक. ऊन असून उतरला, तर गळती समजायची.

मापाबाहेरच्या अशा मालाला आम्ही ओडीसी म्हणतो. हा क्लास सी, सगळ्यात अवघड. वेग ताशी 25 किलोमीटर, आणि धावायचं फक्त दिवसाउजेडी. वॅगनचा जबाबदार मी, रुळांचे निरीक्षक, म्हणजे पीडब्ल्यूआय, वेगळे, ट्रॅफिकचा माणूस वेगळा.

पुढचा फलाट वळणाच्या आतल्या बाजूला होता. लांब वॅगन वळणावर आली की दोन्हीकडच्या बोगी, म्हणजे चाकांचे गाडे, रुळावरच राहतात, पण मधलं पोट आत सरकतं. त्यात बाहेरचा रूळ उंच, म्हणून सगळा भार आतच कलतो. कागदावर तिथं अडीच इंच जागा उरत होती. मी आणि पीडब्ल्यूआय टेप घेऊन चालत गेलो. फलाट कागदातल्यापेक्षा सव्वा इंच जवळ निघाला! नवी लादी बसवताना कडेचे दगड बाहेर आले होते. बाजूच्या लूप लाइनवर मालगाडी उभी, दुसरी वाट नाही.

ट्रॅकमन भाऊंनी छिन्नी-हातोडा घेतला. ‘साहेब, एकेक दगड बघून काढतो, घाई नको,’ म्हणाले. घाई तर मलाच होती, सूर्य कलत होता. साडेपाचला नऊ दगड निघाले.

मग गाडी माणसाच्या चालीनं सोडली. एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात इंचभर जाड लाकडी पट्टी. पट्टी फटीत उभी धरून मी फलाटावरून वॅगनच्या पोटाबरोबर चालत होतो. ट्रान्सफॉर्मरकडे मान वर करून बघायचं धाडस झालं नाही, नजर त्या फटीवरच. आठ-दहा पावलं पट्टी मोकळी होती. मग ती दोन्हीकडून दाबली गेली.

‘थांब!’

लोको पायलटनं गाडी जागच्या जागी उभी केली. इतक्या वजनाला धक्का न देता थांबवणं म्हणजे काय, ते इंजिनात बसलेल्यालाच कळतं. भाऊ पोटावर झोपले आणि दहावा दगड तासू लागले. चुरा त्यांच्या भुवयांवर बसत होता. पंधरा मिनिटांनी ‘आता बघा’ म्हणाले. पट्टी फटीत सैल हलली.

पुढच्या स्टेशनात मुक्कामाला लागलो तेव्हा दिवेलागण होत होती. कंपनीच्या माणसानं आधी काटा पाहिला, मग धक्के मोजणारा रेकॉर्डर. दिवसभरात मर्यादेबाहेर एकही धक्का नव्हता. मी कंट्रोलला त्या फलाटाचं नवं माप कळवलं. पट्टी अजून हातातच होती. तिच्या एका बाजूला दगडाचा चुरा होता, दुसऱ्या बाजूला टाकीचा राखाडी रंग.