ताटाच्या डाव्या बाजूकडून मध्यभागी

गेल्या महिन्यातील एका शनिवारी कर्वे रस्त्यावरील एका सभागृहात खाद्यलेखन करणाऱ्यांची एक दिवसाची परिषद झाली आणि मी पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत तेथे होते. गेली सहा वर्षे मी घरच्या पाककृती लिहिते आहे; परंतु लिहिणाऱ्या इतक्या माणसांना एका छताखाली पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ होती.

छायाचित्रणाचे सत्र चांगले झाले, तरी खिडकीजवळचा मऊ उजेड आणि सावलीच्या बाजूला उभा धरलेला पांढरा पुठ्ठा एवढेच मी त्यातून घरी आणले. प्रायोजित लेखनाच्या सत्रात भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये आणलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची नीट ओळख करून देण्यात आली. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिले असेल तर ते वाचकाला पहिल्याच नजरेत कळले पाहिजे, ही अपेक्षा मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र ज्या सत्रासाठी मी आयोजकांची कायमची ऋणी राहीन, ते होते वाट्यांचे.

नावनोंदणी करतानाच प्रत्येकाला घरातील रोजच्या वापराची एक वाटी आणण्यास सांगितले होते. वक्त्या बाईंनी त्यातल्या वीस वाट्या टेबलावर ओळीने मांडल्या, प्रत्येकीत हरभऱ्याची डाळ काठोकाठ भरली आणि एकेक वाटी वजनकाट्यावर रिकामी केली. सर्वांत लहान वाटीत 80 ग्रॅम डाळ बसली आणि सर्वांत मोठीत 190 ग्रॅम. माझी वाटी, लग्नात मिळालेली, तळाशी सासूबाईंचे नाव कोरलेली, 135 ग्रॅमवर थांबली. त्या क्षणी मला गेल्या सहा वर्षांत लिहिलेल्या सगळ्या ‘एक वाटी’ आठवल्या. आपल्या घरात वाटी हे उत्तम माप आहे, कारण तीच वाटी, तोच हात आणि तेच पातेले असते आणि घटकांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बिघडत नाही. पण बेसनाला वाटी, पाण्याला भांडे आणि तेलाला पळी लावून लिहिलेली कृती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेली की हे नाते तुटते. बाईंनी सर्वांना एक गृहपाठ दिला. एकच पाककृती घ्यायची, प्रत्येक घटक वजन करून लिहायचा, प्रत्येक पायरीचे कारण स्वतःला सांगता आले पाहिजे, आणि मग तो कागद पूर्वी तो पदार्थ कधीही न केलेल्या माणसाच्या हाती द्यायचा.

कोणती पाककृती घ्यायची, हे मात्र त्या दिवशीच्या जेवणाने ठरवले. जेवणात सॅलडचा एक मोठा काचेचा वाडगा होता. वरून किसलेले चीज भरपूर पसरलेले होते आणि दिसायला तो फार सुरेख होता. परंतु डाव आत घातला तेव्हा खाली बोटभर पाणी साचलेले होते, काकडी लिबलिबीत झाली होती आणि चीज ओल्या कागदासारखे पानांना चिकटले होते. ज्यांनी ते केले त्यांनी मेहनत घेतली होती यात शंका नाही. पण मीठ तासभर आधी पडले होते. मीठ लागले की काकडीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, हे शास्त्र म्हणून मी पुढे शिकले. खमंग काकडीला मीठ आयत्या वेळी, पाने वाढताना लावायचे, हे मात्र आईने मला दहाव्या वर्षीच शिकवले होते. घरी परतताना मेट्रोत मी हाच विचार करीत होते की कोशिंबिरीची ही सगळी शिस्त पाळून, वर चीज घालून, एका माणसाचे पोट खरोखर भरेल असे सॅलड करता येईल का.

आपल्या ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला वाढतात, चटणी आणि लोणच्याच्या शेजारी. ती तोंडीलावणे आहे, जेवण नव्हे. तिला ताटाच्या मध्यभागी आणायचे तर भाताची आणि पोळीची जागा भरून काढणारे काहीतरी तिच्यातच हवे. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते नव्हते. लेट्यूस, काकडी, टोमॅटो आणि चीज एवढ्यावरच मी थांबले होते. सासूबाईंनी कौतुकाने खाल्ले आणि शांतपणे विचारले, “छान झालंय गं. आता भात लावायचा ना?”

त्या प्रश्नाने मला ज्वारी सुचली. भाकरीची ज्वारी पिठाच्या रूपात आपल्या ओळखीची असते. पण अख्खे दाणे शिजवले की ते टपोरे होतात, दाताखाली किंचित चिवट लागतात आणि गव्हापेक्षा सौम्य गोड असतात. थंडीत कोवळा हुरडा मिळाला तर तो भाजून तसाच घालावा, त्यासारखे दुसरे काही नाही. दुसऱ्या प्रयत्नासाठी मी मुद्दाम मंडईत गेले. 2024 मध्ये जमिनीखालचे मंडई स्थानक सुरू झाल्यापासून नळस्टॉपहून तेथे जाणे सोपे झाले आहे. जिल्हा न्यायालयाशी गाडी बदलली की त्या जुन्या अष्टकोनी मनोऱ्याच्या दगडी इमारतीपाशी आपण वर येतो. तेथून लाल भोपळ्याची एक फाक घेतली, घट्ट, गडद केशरी, बोटाने दाबली तरी न दबणारी.

चीजबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. घरोघरी असणारे प्रक्रिया केलेले चीज सँडविचला उत्तम आहे, कारण त्यातील क्षारांमुळे ते एकसारखे वितळते. पण थंड सॅलडवर ते रबरासारखे लागते. पनीर मला प्रिय आहे, मात्र त्याला स्वतःचे मीठ नसते, त्यामुळे ते भोपळ्याच्या गोडव्यासमोर फिके पडते. मला हवे होते खारट, आंबटसर आणि हाताने सहज चुरडले जाणारे चीज, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेले, फेटाच्या पद्धतीचे. ‘पद्धतीचे’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते. खरा फेटा ग्रीसचा. तो किमान 70 टक्के मेंढीच्या आणि उरलेल्या बकरीच्या दुधापासून करतात आणि युरोपीय संघात 2002 पासून हे नाव केवळ ग्रीसमधील चीजसाठी राखून ठेवलेले आहे. मी आणलेले चीज गाईच्या दुधाचे होते. चवीला ते चांगलेच आहे, पण वाचकाला त्याचे खरे रूप सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे असे मी मानते.

तिसऱ्या प्रयत्नानंतर कागदावर उतरले ते असे. तीन माणसांसाठी 150 ग्रॅम ज्वारी रात्रभर भिजवावी, सकाळी तिप्पट पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून कुकरला सहा शिट्ट्या द्याव्यात, मग आच मंद करून दहा मिनिटे ठेवावी. दाणा फुटता कामा नये, पण दोन बोटांत दाबला गेला पाहिजे. पाणी काढून दाणे ताटात पसरून पूर्ण गार करावेत, कारण गरम दाण्यांवर पाने लगेच कोमेजतात. 400 ग्रॅम भोपळ्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी 15 मिलिलिटर तेलात घोळवून 200 अंश सेल्सिअसला पंचवीस ते तीस मिनिटे भाजाव्यात. फोडी एकमेकींना चिकटून ठेवल्या तर त्या भाजल्या न जाता स्वतःच्या वाफेत शिजतात. म्हणून ट्रेमध्ये जागा सोडावी. कडा तपकिरी झाल्या आणि सुरी लोण्यासारखी आत गेली की भोपळा तयार झाला.

वरच्या रसासाठी मी आजेसासूबाईंची युक्ती वापरली. केळ्याच्या रायत्यासाठी त्या मोहरी फेसत. एक चमचा मोहरी थोड्या पाण्याबरोबर वाटून, दगडी खलात बत्त्याने घोटत राहायचे. दोनतीन मिनिटांत रंग फिका होतो, वर फेस येतो आणि वास नाकात झिणझिणतो. मोहरीचा तिखटपणा तिच्यात आधीपासून नसतो. दाणा फुटून पाणी लागले की तो निर्माण होतो, म्हणून लिंबू लगेच घालायचे नाही, घाईने आंबट मिळाले तर तो पुरता चढत नाही. मग 15 मिलिलिटर लिंबाचा रस, एक चमचा काकवी, आणि थेंबाथेंबाने 45 मिलिलिटर घाण्याचे शेंगदाणा तेल घालत फेटावे. फेसलेली मोहरी तेल आणि रस यांना धरून ठेवते आणि रस दाट, पिवळसर होतो. मीठ यात मुळीच घालू नये. ते चीज घेऊन येते.

वाढण्याच्या आयत्या वेळी 100 ग्रॅम लेट्यूस किंवा अगदी कोवळा पालक, धुऊन पंचावर कोरडा केलेला, हातानेच तोडून परातीत घ्यावा. त्यावर ज्वारी, 200 ग्रॅम काकडीचे जाडसर तुकडे आणि रस घालून हलक्या हाताने कालवावे. भोपळा वरून ठेवावा. 120 ग्रॅम चीज बोटांनी मोठमोठे तुकडे करून सर्वांत शेवटी घालावे आणि त्यानंतर कालवू नये, नाहीतर सगळे पांढुरके होते आणि खारट घास आणि गोड घास हा फरकच उरत नाही. वर 40 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड. कूट नव्हे, भरड. त्या रात्री सासूबाईंनी भात मागितला नाही. त्यांनी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि चिजाचा एक तुकडा शेवटच्या घासासाठी बाजूला ठेवला, जसा त्या एरवी लोणच्याची फोड ठेवतात.

गृहपाठाचा शेवटचा भाग उरला होता. तो कागद मी हिंजवडीत मैत्रिणींबरोबर राहणाऱ्या माझ्या पुतणीला पाठवला. तिच्याकडे वजनकाटा होता, ओव्हन होता आणि भोपळा तिने आयुष्यात कधी चिरलेला नव्हता. रविवारी सकाळी साडेदहाला तिचा फोन आला.

“काकू, फोडी सालासकट करायच्या की साल काढून?”

मी कागद काढून पाहिला. ग्रॅम होते, अंश होते, मिनिटे होती, प्रत्येक पायरीचे कारण होते. सालाचा उल्लेख कोठेच नव्हता, कारण माझ्या हाताला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. तिला सांगितले ते येथेही लिहिते. साल ठेवावी, चांगली घासून धुवावी. भाजल्यावर ती मऊ होते आणि फोडीचा आकार धरून ठेवते. बिया मात्र काढाव्यात आणि वजन बिया काढल्यानंतर करावे.