राहून गेलेलं

रात्रीचे पावणेबारा.

यादी पाठवून तीन तास झाले आणि आत्ता दिवा मालवताना आठवलं. त्यात 'स्टेअरकेस इन्फिनिटीज' ही रेकॉर्ड नाही.

उठून परत वाचली. खरंच नाही. 'ऑन द संडे ऑफ लाइफ' आहे, १९९२. 'अप द डाउनस्टेअर' आहे, १९९३. त्याच्याखाली थेट 'द स्काय मूव्ज साइडवेज', १९९५. धाकटीने विचारलं होतं, पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करू, तूच सांग. किती मन लावून लिहिली होती मी. कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं रात्रीच ऐकायचं, कुठलं हेडफोन लावल्याशिवाय ऐकायचं नाही. 'व्हॉयेज ३४'ला तर चार ओळी दिल्या. आणि जे कुणी न विचारता मी सांगत सुटते, तेच नेमकं राहून गेलं.

राहून गेलं. हे दोन शब्द लिहिले आणि हात थांबला.

शनिवारपासून तेच कानात आहेत. "अगं, तुझं नाव राहूनच गेलं बघ!" कार्यक्रमात आभार मानून झाल्यावर आमच्या बाई असं म्हणून हसल्या. मीही हसले. चालायचंच, असंही म्हणाले बहुतेक. केवढी नावं घेतली त्यांनी, खुर्च्या मांडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची. घ्यायलाच हवीत. पण ज्या कामात माझं सबंध वर्ष गेलं... जाऊ दे. ते लिहायला बसलेले नाही मी.

सीडी लावली आहे. आवाज अगदी बारीक.

ही रेकॉर्ड मुळातच राहून गेलेल्यांची आहे. 'अप द डाउनस्टेअर' आधी दोन तबकड्यांचा व्हायचा होता. मग बेत आटोपता घेतला. अर्ध्या तासाचं 'व्हॉयेज ३४' १९९२ मध्येच वेगळं निघालं. अल्बम एका तबकडीत बसला. जे कुठेच बसलं नाही त्यातलं काही १९९४ मध्ये हॉलंडमधल्या लेझी आय नावाच्या छोट्या कंपनीने काढलं, तेही दहा इंची रेकॉर्डवर. ना सात इंची सिंगल, ना बारा इंची एलपी. फडताळात ठेवायची तर कुठल्या रांगेत ठेवावी? पाच तुकडे, सगळे मिळून साधारण अर्धा तास. नावसुद्धा त्याच जिन्यावरचं, थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत तसं. आणि शेवटचा, सर्वांत लांब तुकडा 'यलो हेजरो ड्रीमस्केप'. तर त्याच वर्षी याच नावाचं जुन्या कॅसेटींमधल्या गाण्यांचं एक संकलनही आलं. म्हणजे हा तुकडा कुणाला शोधायचा असेल तर आधी दुसरंच काही हाती लागायचं.

हे सगळं जवळजवळ एकट्या स्टीव्हन विल्सनचं, घरी बसून केलेलं. सुरुवातीला बँड नव्हताच. मित्राला हाताशी धरून त्याने एका नसलेल्या बँडचा सगळा इतिहास रचला, वादकांची नावं रचली, आणि त्या नावावर कॅसेटी काढल्या. खरे चौघे जण पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले ते १९९३ च्या डिसेंबरमध्ये. ही गोष्ट मला फार आवडायची. आज मात्र लागली. जी माणसं या जगात कधी नव्हतीच त्यांनासुद्धा कुणीतरी नाव दिलं, वाद्य दिलं, श्रेय दिलं. आणि मी त्या खोलीत दुसऱ्या रांगेत धडधडीत बसलेली असताना...

परत तिथेच आले.

'रेनी टॅक्सी' सुरू झालं. याच नावाची साल्व्हादोर दालीची एक कलाकृती होती, १९३८ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनातली. खरीखुरी टॅक्सी, आणि आत नळ्या अशा बसवलेल्या की पाऊस गाडीच्या आतच पडायचा. आत बसवलेले पुतळे भिजत राहायचे. शनिवारी परत येताना मी अशीच आले असेन. खिडकीबाहेर सगळं कोरडं होतं. कुणी विचारलं असतं तर दाखवायला काही नव्हतं.

या तुकड्याला शब्द नाहीत. पाचांत गाणं म्हणावं असं एकच, 'द जोक्स ऑन यू'. बाकी नुसती वाद्यं, आणि ती कुठे पोचायची घाई करत नाहीत. गिटार एक सूर धरते आणि धरूनच ठेवते, खालचं सगळं हळूहळू सरकत राहतं. मोठ्या अल्बममध्ये हे राहिलं नसतं असं मला नेहमी वाटतं. तिथे प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीकडे नेते. इथे कुणाला कुठे न्यायचं नाही. हेच तर सांगायचं होतं तिला. हेच लिहिलं असतं यादीत, जर...

मग राहिलं कसं?

आळस नव्हता. आवडीनिवडीचाही प्रश्न नाही, उलट 'ऑन द संडे ऑफ लाइफ' मी वर्षातून एकदासुद्धा लावत नाही, तरी ते न चुकता पहिल्या ओळीत आलं. लिहिताना मी अल्बम मोजत होते, आणि ही मला कधी अल्बम वाटलीच नाही. एक तपाने, २००५ मध्ये, 'अप द डाउनस्टेअर' नव्याने निघाला. मशीनचे ड्रम काढून गॅव्हिन हॅरिसनकडून सगळे पुन्हा वाजवून घेतले होते, आणि त्याच डब्यात दुसरी सीडी म्हणून ही होती. माझी ओळख तिथली. पहिली संपली म्हणून दुसरी लावली, इतकं साधं. तेव्हापासून ती त्या घरातच राहते माझ्या लेखी. तिला वेगळं नाव घेऊन हाक मारावी लागते हे ध्यानातच येत नाही.

लहानपणी ऐकलेली ती दहा जणांची गोष्ट. नदी ओलांडून आले आणि प्रत्येकाने मोजून पाहिलं, तर नऊच भरतात. सगळे रडायला लागले, दहावा बुडाला म्हणून. मोजणाऱ्याने स्वतःला मोजलंच नव्हतं. माझं तसंच झालं असेल का? जिच्यात मी उभी आहे तीच मोजायची राहिली?

आणि मग त्यांचंही तसंच...

नाही. हे फार सोयीचं होतंय. मी त्यांच्या इतकी जवळची नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कागद होता, त्यावर माझं नाव नव्हतं, एवढंच. त्याला गोष्टीची शाल पांघरायचं काही कारण नाही.

पण एक गोष्ट मला आता नाकारता येत नाही. साडेआठ ते साडेअकरा, तीन तास, ही रेकॉर्ड माझ्या यादीत नव्हती, आणि त्या तीन तासांत माझा तिच्यावरचा जीव तिळभरही कमी झालेला नव्हता. मी शपथेवर सांगू शकते. फक्त रेकॉर्डला ते कळायचा काही मार्ग नव्हता. यादी बघणाऱ्याला तर नाहीच नाही. त्याला एवढंच दिसलं असतं की त्र्याण्णवनंतर पंच्याण्णव.

शनिवारी त्या हसून म्हणाल्या त्यानंतर त्यांनी माझा दंड धरला होता, क्षणभर. ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगताना नुसतं वाक्य सांगितलं.

दुखतंय अजून. ते दुखणार. माइकवर घेतलेलं नाव आणि दंडावरचा हात यांची बरोबरी होत नाही, आणि करायला मी जाणारही नाही. सोमवारी मी नेहमीसारखी जाईन. त्या विषय काढणार नाहीत, मीही नाही. काम अर्धं पडलंय, ते पुढे न्यायचंय.

शेवटचा तुकडा चालू आहे. साडेनऊ मिनिटांचा. बराच वेळ काही होतच नाही यात, आणि मग लक्षात येतं की कधीपासून काहीतरी होतंय.

धाकटीला आत्ताच लिहिलं: "यादीत एक राहिलं. 'स्टेअरकेस इन्फिनिटीज'. १९९४. अर्ध्या तासाचं आहे, सलग ऐक."

जागीच होती. लगेच उत्तर आलं. "राहिलं कसं काय? तुझं तर हे आवडतं ना?"

यावर काय लिहावं ते सुचेना. हो, म्हटलं. फार.

"बरं. कुठे घालू?"

"त्र्याण्णवच्या खाली," मी लिहिलं. "पंच्याण्णवच्या वर."