तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा बाक

चर्चमधली उपासना संपली की कुणी ना कुणी विचारतंच, 'काका, पुढचा बाक का सोडला? आणि शास्त्रपाठ वाचणंही बंद?' आजवर गुडघ्यांवर ढकलून वेळ मारून नेली. गुडघे ठणठणीत आहेत.

तो बाक बाबांचा. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बाबा हजर होते. कुणीही नवे पाळक आले की पहिल्याच भेटीत मी हे ऐकवायचो. शिवाय दानाची वही माझ्याकडे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, कोण देतो आणि दहाची नोट चौघडी करून थैलीत कोण सारतो, सगळं तोंडपाठ.

एका रविवारी बायबलमधल्या लूकच्या १८ व्या अध्यायातला येशूचा दाखला वाचायला माझ्या वाट्याला आला. मंदिरात दोघं प्रार्थनेला येतात. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, म्हणतो, देवा, तुझे आभार, मी या जकातदारासारखा नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहून छाती बडवतो, मज पाप्यावर दया कर म्हणतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

परूशी म्हणजे ढोंगी, हे संडे स्कूलपासून आपल्या डोक्यात बसलेलं. पण तो खोटं काहीच बोलत नाही हो! नियमशास्त्रात सक्तीचा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. हा आठवड्याला दोन करतो. त्याची वही कुणीही तपासावी. जकातदार मात्र रोमी सत्तेसाठी आपल्याच माणसांना पिळणारा. (आपल्या नाक्यांवरची जकात बंद झाली, नाहीतर पोरांना समजावणं सोपं होतं.) परूश्याचं बिघडलं एवढंच, की आभार देवाचे आणि डोळा मागच्या माणसावर.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू होता, मी उपाशीपोटी, बाहेर ऊन रणरणतंय. 'या जकातदारासारखा' म्हणताना माझी नजर थेट शेवटच्या बाकावर गेली. तिथे एक जण बसतो. नेहमी उशिरा येणार, दात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने तांबडे.

बाहेर तोच पुढे आला. 'काका, परूशी लय भारी वाचला जी तुम्ही. एकदम तोच बोलून राहिला असं वाटलं.'

टोमणा नव्हता, मनापासूनची दाद होती. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. बायको घरी पोचेपर्यंत हसत होती.

वही दुसऱ्याकडे सोपवली, मागे येऊन बसलो. वाटलं, सुटलो. महिनाभरात पुढच्या बाकांवर प्रवचन चालू असताना कोण मोबाईल बघतं ते मोजायला लागलो. एकदा तर डोळे मिटल्या मिटल्या मनात आलंच, देवा, बरं झालं, मी त्या पुढच्यांसारखा नाही.

गेल्या रविवारी दुसरं गीत अर्ध्यावर असताना तो आला. 'सरका ना काका जरा.' सरकलो. खिशात पुडी, बोटांना सुपारी-चुन्याचा वास. गीतांचं पुस्तक दोघांत एक आणि माझा चष्मा घरी. तो ओळ म्हणायचा, मी मागून.