फुकट मिळणारी गोळी लोक सोडतात तरी का?

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रावर, काम करणाऱ्या आम्हाला हे हमखास विचारलं जातं. एचआयव्हीचं औषध सरकारी केंद्रांत २००४पासून फुकट मिळतं आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते: टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. मग अडतं कुठे?

ठरवून सोडणारे थोडे. बहुतेकांची आधी तारीख चुकते. तुर्भ्याच्या मार्केटात हमाली करणाऱ्याला किंवा ठाण्यात रोजंदारीसाठी नाक्यावर उभं राहणाऱ्याला सकाळची ओपीडी म्हणजे एक खाडा. गोळी फुकट, रोजी मात्र बुडाली. डबीत ३० गोळ्या. गणपतीला गावी निघताना आठच उरल्या आणि मुक्काम पंधरा दिवसांचा झाला, की नवव्या दिवशी खंड. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्याही एकदम देता येतात, पण गावी चाललोय हे आधी सांगायला हवं ना!

घरात डबी खुळखुळते, म्हणून कुणी गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओततात. मग मूळ डबीतली ओल शोषणारी पुडी मागे राहते आणि गोळ्यांना ओल लागू शकते. खरं कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही उपाशीपोटी एकत्र घेऊ नयेत. डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. एकतर दोन्ही जेवणासोबत, नाहीतर आधी एचआयव्हीची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह तिच्यानंतर दोन तासांनी.

सगळ्यात जास्त फसवतं ते शरीर. गोळी थांबली की काही आठवड्यांतच व्हायरल लोड चढतो, पण सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) सावकाश घसरतो. माणूस महिनोन्‌महिने ठणठणीत. ‘न घेताही चालतंय की’ हे तिथून येतं. मग खोकला लागतो आणि टीबी निघतो. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर अचानक थांबल्याने यकृताला सूज येऊ शकते.

आमच्यातलेही काही जण ‘बेजबाबदार पेशंट’ म्हणून मोकळे होतात. ते पटत नाही. तारीख चुकलेल्याला शोधायला जावं, तर घर ११ महिन्यांच्या करारावर. कळव्यातलं बिऱ्हाड दिवा स्टेशनकडे हललेलं, मोबाईल बंद. कार्डावरच्या दुसऱ्या नंबरवर शेजारचा दुकानदार ‘कोण बोलतंय?’ विचारतो. त्याला काय सांगणार? संमतीशिवाय एचआयव्हीबद्दल बोलायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. एवढं करून माणूस आपणहून परतला, तर खिडकीवर चारचौघांत ‘इतके दिवस कुठे होतात?’ ऐकवलं जातं. पुढची तारीख तिथेच चुकते.

खंड पडला असेल तर उरलेल्या गोळ्या आणि सेंटरने दिलेलं उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक घेऊन या. पुस्तक हरवलं असेल तरी या. खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम, हे चार प्रश्न विचारतील. काही आढळलं नाही तर बहुधा तीच गोळी पुन्हा सुरू होते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन लागलं तर डोल्युटेग्राविर ५०ची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. आणि घर बदलताना नव्या सेंटरसाठी ट्रान्सफरचं पत्र आधीच मागून घ्या.