कुत्र्याच्या पाठीवरचे 14 दोष

मेलबर्नच्या एका संग्रहालयाच्या भांडारात मी आलेल्या वस्तू तपासते आणि त्यांतले दोष लिहून ठेवते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गवताचा कुत्रा आला. कीड मरावी म्हणून आधी दोन आठवडे उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये. तरी बाहेर काढल्यावर गंजीत तोंड खुपसल्यासारखा वास आलाच.

भिंग घेऊन बसले. गवताची जुडी गोल वळवत न्यायची, मागच्या वेढ्यातून सुई काढत राफियाने, म्हणजे ताडाच्या पानांच्या धाग्याने, शिवत जायचं, अशी त्याची बांधणी. पाठीवर मात्र टोकं सुटलेली. 14 जागा मोजल्या, फोटो काढले, ‘शिवण उसवली आहे’ असं लिहिलं. काम चोख झालं म्हणून खूशही होते.

दोन दिवसांनी तो विणणाऱ्या आजीच आल्या, ‘जान्पी डेझर्ट वीव्हर्स’ या वाळवंटातल्या विणकर बायकांच्या गटातल्या. जान्पी म्हणजे गवत. हे विणकाम मला पुरातन वाटायचं. पण 1995 साली पापुलनकुत्जा या तिथल्या वस्तीत टोपल्यांची कार्यशाळा झाली, तिथून ते सुरू झालं. म्हणजे माझ्याहून लहान! दहा वर्षांत तिथल्या बायकांनी अख्खी टोयोटा गवतात उभी केली आणि 2005 चा आदिवासी कलेचा राष्ट्रीय पुरस्कार नेला.

दुभाषी बाईंनी माझी नोंद वाचून दाखवली. आजी पोट धरून हसल्या. “विया,” म्हणजे नाही. मग पाठीवर उलटा हात फिरवत, “पापा!” त्यांच्या भाषेत पापा म्हणजे कुत्रा. (माझी भाची वडिलांना पापा म्हणते, ते मी सांगितलं नाही.) “कुत्र्याला केस नसतात होय?” दुभाषी बाई म्हणाल्या.

तेवढ्यात आजींनी पिशवीतून सुई काढून कानाला तीन टाके घातलेसुद्धा. आमच्याकडे हातमोज्यांशिवाय वस्तूला बोट लावायचं नाही. मी गप्प बसले.

उरलेलं गवत वळून त्यांनी एक कडं केलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. “मंगुरी.” त्यांच्या आया अशा कड्यावर पिती, म्हणजे लाकडी भांडं, ठेवून पाणी आणायच्या, त्या कड्यावर केसांचा दोरा गुंडाळलेला असे.

“अहो, ही तर चुंबळ!” मी मराठीतच ओरडले. आजींनी ‘चुंबळ’ दोनदा म्हणून पाहिलं. ळ काही केल्या माझ्यासारखा येईना, मला त्यांचा र जमेना.

अहवालातल्या 14 नोंदी खोडल्या. तीन टाक्यांसाठी रकानाच नव्हता, ते समासात लिहिले. चुंबळ घरी आणली आहे. तिच्यावर वरणाचं पातेलं छान बसतं.